मिलिंदचं नाव मतदार यादीत लागलं, त्याची हकिकत

माझा धाकटा भाऊ मिलिंद (नाव बदललं आहे) 24 वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. 20 नोव्हेंबर 2024 रोजी त्याने विधानसभेसाठी पहिल्यांदा मतदान केलं. त्याआधीचे काही महिने आम्ही त्याचं नाव यादीत लावण्याच्या मागे होतो. ते सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण बौद्धिक अक्षमता असलेलं प्रौढ माणूस ज्या घरात असतं, तिथे हा विषय सहसा निघत नाही आणि निघालाच तर "त्यांना मत नसतं" या एका वाक्यावर मिटतो. हे वाक्य मी शेजाऱ्यांकडून ऐकलं, नातेवाइकांकडून ऐकलं आणि सरकारी टेबलावरही ऐकलं. ते कायद्याला धरून नाही. लिहिण्याआधी मिलिंदला विचारलं. "लिही, पण फोटो नको टाकू," म्हणाला.

आमच्याकडे लोकसभेचं मतदान 7 मे 2024 ला होतं. आई, बाबा आणि मी शाळेतल्या केंद्रावर गेलो, मिलिंद नेहमीसारखा बरोबर होता. आम्ही आत जाऊन आलो. बाहेर आल्यावर त्याने तिघांचीही बोटं धरून पाहिली आणि स्वतःचं बोट पुढे केलं. बाबा म्हणाले, "तुझं नाव नाही ना रे यादीत." त्यावर तो म्हणाला, "मग लाव ना." संध्याकाळपर्यंत त्याने हे कितीदा म्हटलं असेल! दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत जाऊन त्याने ताईंनाही सांगितलं की माझं नाव लावायचं आहे. तो तिथे कागदी पिशव्या आणि फाइली बनवतो, महिन्याला मानधन मिळतं, ते बँकेत जमा होतं, आणि पासबुक भरून आणायला तो बाबांच्या बरोबर जातो.

बाबांना शंका होती. अशा मुलांचं नाव कायद्याने लागत नाही, असं त्यांना पूर्वी कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून अर्जाआधी कायदा वाचायचा ठरवलं. तुम्हीही आधी तेच करा, कारण पुढे टेबलावर बोलताना कलमाचा आकडा तोंडात असला की समोरचा माणूस ऐकून घेतो.

राज्यघटनेचं कलम 326 सांगतं की लोकसभेच्या आणि विधानसभांच्या निवडणुका प्रौढ मताधिकारावर होतील. भारताचा नागरिक, ठरलेल्या तारखेला 18 वर्षं पूर्ण असलेला, आणि अपात्र न ठरलेला प्रत्येक जण मतदार म्हणून नाव नोंदवायला हक्कदार आहे. (मूळ घटनेत वय 21 होतं. 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये ते 18 झालं.) अपात्रतेची कारणंही त्याच कलमात दिली आहेत: त्या भागात वास्तव्य नसणं, मन विकल असणं, गुन्हा, आणि निवडणुकीतले भ्रष्ट किंवा बेकायदेशीर प्रकार. बहुतेक जण यातलं दुसरं कारण वाचतात आणि पुस्तक मिटतात. पण त्याचा तपशील लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 च्या कलम 16 मध्ये आहे. मन विकल आहे म्हणून अपात्र ठरवायचं, तर सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलेलं असावं लागतं. डॉक्टरचं प्रमाणपत्र, अपंगत्वाची टक्केवारी, बुद्ध्यंक, शाळेचा दाखला, यातलं काहीही न्यायालयाच्या घोषणेची जागा घेऊ शकत नाही. मिलिंदच्या बाबतीत कोणतंही न्यायालय कधी काही बोललेलं नाही. म्हणजे तो आमच्याइतकाच पात्र होता, वयाच्या अठराव्या वर्षापासून.

हे मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचलं आणि म्हणाले, "चल, फॉर्म आण."

जूनमध्ये मी नमुना 6 भरून तहसीलमधल्या निवडणूक शाखेत गेले. नवीन मतदारासाठी हाच अर्ज असतो. पत्ता बदलणं, नावातली दुरुस्ती, हरवलेलं ओळखपत्र किंवा आधीच नाव असलेल्या मतदाराची अपंगत्वाची नोंद यांसाठी नमुना 8 असतो. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला, पत्त्याचा म्हणून आधार, एक फोटो, आणि नातेवाइकाच्या रकान्यात बाबांचा मतदार ओळखपत्र क्रमांक, एवढंच लागलं. अर्जात अपंगत्वाचा एक ऐच्छिक रकाना आहे. तिथे "इतर" वर खूण करून टक्केवारी लिहिली आणि यूडीआयडी कार्डाची (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स जोडली. हा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो, आणि काही पालक मुद्दाम ठेवतात. मला तो भरणं योग्य वाटलं. केंद्रावर मदत मिळायची तर नोंद आधीपासून असलेली बरी, आणि आपण काही लपवतोय असं पुढे कुणाला म्हणता येऊ नये.

टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज चाळला, त्या रकान्यापाशी थांबले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "यांचं नाव लागत नाही हो. यांना कळत नाही ना काही." मी कलम 16 सांगितलं. ते म्हणाले, "ते सगळं बरोबर असेल, पण आमच्याकडे असं कधी झालेलं नाही." मी म्हटलं, अर्ज नाकारताय ते लेखी द्या. लेखी काही मिळालं नाही. मागे रांग होती, लोक चुळबुळ करत होते, मिलिंद माझ्या शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. त्याच्यासमोर "यांना कळत नाही" हे ज्या सहजतेने म्हटलं गेलं, त्याचा मला फार त्रास झाला. घरी येताना रिक्षात तो एक शब्द बोलला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी 1950 वर फोन केला. हा निवडणूक आयोगाचा मतदार मदत क्रमांक आहे. लगेच लागला नाही, पण लागला तेव्हा पलीकडच्या मुलीने नीट ऐकून घेतलं. अर्ज तुमच्या यादीभागाच्या बीएलओकडे (त्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) थेट देता येतो, ऑनलाइन भरता येतो, आणि अर्ज घ्यायलाच नकार देण्याचा अधिकार टेबलावरच्या माणसाला नाही, निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा असतो, असं तिने सांगितलं. आमच्या बीएलओचं नाव आणि नंबरही तिथूनच मिळाला. बाबांच्या ओळखपत्राचा क्रमांक टाकला की आयोगाच्या पोर्टलवरही तो दिसतो.

आमच्या बीएलओ म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. वर्ग सांभाळून हे काम करतात, त्यामुळे शाळा सुटल्यावर या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीच घरी याल का, म्हणजे पडताळणीही होईल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका पावसाच्या दुपारी त्या आल्या. त्या भेटीबद्दल थोडं जास्त लिहिते.

आईने चहा ठेवला. बाईंनी अर्ज मांडीवर घेतला आणि आमच्याकडे न बघता थेट मिलिंदला विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?" आई सवयीने सांगायला लागली, तशी बाईंनी हाताने थांबवलं. "मतदार ते आहेत, त्यांना सांगू दे." मिलिंदला पूर्ण नाव सांगायला वेळ लागतो. आडनावातलं एक जोडाक्षर त्याला अवघड जातं. बाई थांबल्या. त्याने सांगितलं, त्यांनी अर्जावरचं नाव त्याच्या उच्चाराबरोबर बोटाने वाचून पडताळलं. मग वय, मग "इथे कोण कोण राहतं?" मग "तुम्हाला मतदार व्हायचंय का?" तो म्हणाला, "हो. शाई लावायची."

सहीची वेळ आली. अंगठा चालतो, बाईंनी तसं सांगितलंही. पण मिलिंदने पेन मागितला. कार्यशाळेत मानधनाच्या रजिस्टरवर तो सही करतो, त्यामुळे त्याला सवय आहे. तो आधी कागद सरळ करतो, मग डाव्या तळव्याने दाबून धरतो, मग प्रत्येक अक्षर वेगळं काढतो आणि सगळ्यात शेवटी एकाच दमात शिरोरेघ ओढतो. ती रेघ चौकटीच्या बाहेर गेली. त्याने बाईंकडे पाहिलं. "चालतंय," त्या म्हणाल्या, आणि अर्जाच्या तळाशी असलेली पोच फाडून त्यांनी माझ्या हातात न देता त्याच्या हातात दिली. ती पोच अजून त्याच्या पाकिटात आहे.

पोच घेतल्याशिवाय अर्ज कुणाकडेही देऊ नका. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं, पोर्टलवर अर्ज कुठवर आलाय तेही त्यानेच दिसतं.

मग वाट पाहणं आलं. आलेल्या अर्जांची यादी जाहीर होते आणि हरकतींसाठी सात दिवस असतात. ते दिवस गेले. ऑगस्टमध्ये राज्यभर याद्यांचं विशेष पुनरीक्षण चालू होतं, शनिवार-रविवारी केंद्रांवर शिबिरं होती, शाखेत गर्दी होती. आमचा अर्ज पडताळणी झाल्याच्या नोंदीवर अडकून राहिला. मी अधूनमधून बाईंना फोन करायचे. त्यांनी त्यांचा अहवाल केव्हाच पाठवला होता.

या दिवसांत मी बरंच वाचलं. मत देण्याइतकी समज नाही, हा आक्षेप मिलिंदच्या वाट्याला नव्याने आलेला नाही. इंग्रजी अमलात 1935 च्या कायद्याखालीसुद्धा मताला मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या, आणि बहुसंख्य प्रौढ भारतीय यादीच्या बाहेर होते. मुंबई इलाख्यात बायकांना 1921 मध्ये मत मिळालं, पण मिळकतीच्या अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच. ज्यांना नाकारलं जात होतं त्यांच्याबद्दल कारण हेच दिलं जायचं, की अडाणी आहेत, दुसरा सांगेल तसं करतील. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरसकट सगळ्या प्रौढांना मताधिकार मागितला. पुढे राज्यघटनेने एका फटक्यात तो दिलाही, सगळ्यांना, कोणतीही परीक्षा न घेता. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत मतदार यादीत 17 कोटींच्या वर नावं होती आणि त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून मतपेट्यांवर चिन्हं आली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. त्याच वेळी उत्तरेकडच्या काही राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद केली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात असं ठरलं की मतदाराचं स्वतःचं नाव हवं, आणि सुमारे 28 लाख नावं यादीत राहू शकली नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बाईंचा "त्यांना सांगू दे" म्हणतानाचा हात आठवला.

ऑगस्टच्या शेवटी नोटीस आली. एका पानाची, सहायक मतदार नोंदणी अधिकारी म्हणजे तहसीलदारांपुढे सुनावणी, मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहा, आणि पालकत्व प्रमाणपत्र असल्यास तेही आणा. या शेवटच्या ओळीने बाबा घाबरले. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून बाबांनी मिलिंदचं कायदेशीर पालकत्व घेतलेलं आहे, बँकेच्या आणि मिळकतीच्या कामांसाठी. त्यांना वाटलं, आता म्हणतील की पालक नेमलाय म्हणजे हा कायद्याच्या दृष्टीने लहान मूलच, आणि कदाचित पालकत्वही काढून घेतील.

पालक संघटनेच्या ओळखीने एक वकील भेटल्या. त्यांनी फी घेतली नाही. त्यांनी सांगितलं ते असं: स्थानिक स्तर समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, ती न्यायालय नाही. तिने पालक नेमला याचा अर्थ न्यायालयाने कुणाला मनाने विकल घोषित केलं असा होत नाही. आणि नाव यादीत आल्याने पालकत्वाला धक्का लागत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट कागदावर लिहून दिली. अर्ज फेटाळला तर लेखी आदेश मागायचा, 15 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करायचं, तिथेही फेटाळलं तर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. अपिलाचा हा हक्क 1950 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे. तो कागद मी पर्समध्ये ठेवला. अपिलाची वेळ आली नाही, पण पुढचा रस्ता माहीत असल्यामुळे सुनावणीच्या आदल्या रात्री मला झोप लागली.

सुनावणीला मिलिंदने इस्त्रीचा शर्ट घातला. बराच वेळ बाकावर बसून होतो. त्याला वाट पाहताना कंटाळा येतो, म्हणून वही आणि रंगीत पेन्सिली नेल्या होत्या. पाणी, बिस्किटं आणि हातांना काहीतरी काम, हे तीनही सोबत ठेवा. आत गेल्यावर तहसीलदारांनी त्याला बसायला सांगितलं. नाव विचारलं, कुठे राहतोस, काय काम करतोस, विचारलं. मिलिंदने पिशवी कशी बनवतात ते हातवारे करून सांगायला घेतलं आणि त्यांनी ते पूर्ण ऐकलं. मग फाइल उघडून बाबांना एकच प्रश्न केला: "न्यायालयाचा काही आदेश आहे का?" बाबा म्हणाले, नाही. त्यांनी पालकत्व प्रमाणपत्र पाहिलं, परत दिलं, आणि शेजारी उभ्या कारकुनाला म्हणाले, "यात अडवण्यासारखं काही नाही. मान्य करा." मी तयारी करून गेले होते त्यातलं निम्मंही बोलावं लागलं नाही. बाहेर आल्यावर बाबा जिन्याच्या कठड्याला धरून जरा वेळ थांबले. इतक्या वर्षांत एखाद्या सरकारी खोलीत मिलिंदबद्दल त्याच्याशीच बोललं गेलं, असं त्यांच्या वाट्याला फार कमी आलं आहे.

सप्टेंबरमध्ये नाव यादीत दिसलं. तुमचं दिसलं की लगेच नाव, वय आणि फोटो तपासा. आमच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं. मराठी नाव बरोबर होतं, त्यामुळे मतदानाला अडचण आली नसती, तरी नमुना 8 ऑनलाइन भरून टाकला. ओळखपत्र पोस्टाने घरी आलं. फी काही नाही. फोटो, झेरॉक्स आणि रिक्षा धरून आमचा सगळा खर्च तीनशे रुपयांच्या आत राहिला. ज्याने वेळ आणि पैसा दोन्ही जातो ती गोष्ट म्हणजे कामावरची रजा. कार्यालयातली बाकीची बरीच कामं बाबांनी केली कारण ते निवृत्त आहेत. हातावर पोट असलेल्या घरांना हे किती जड जाईल याचा विचार मनात येतो.

आता खरी तयारी. त्या वेळी तहसीलच्या आवारात मतदान यंत्राचं प्रात्यक्षिक केंद्र होतं. निवडणूक जाहीर होण्याआधीच्या काळात अशी केंद्रं असतात, आणि आपल्या मुलांसाठी त्यांचा फार उपयोग आहे. मिलिंदने तिथे निळं बटण दाबलं, लाल दिवा लागलेला पाहिला, व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते ती पाहिली, मग लांब आवाज. तिथल्या माणसाने त्याला पुन्हा पुन्हा करू दिलं. घरी पुठ्ठ्यावर आंबा, खुर्ची, बादली अशी चित्रं चिकटवून सराव केला. पक्षांची चिन्हं मुद्दाम टाळली. मिलिंद अक्षरं सावकाश वाचतो, पण चित्र आणि चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. यंत्रावर नावाशेजारी उमेदवाराचा फोटो असतो (हे 2015 पासून सुरू झालं) आणि चिन्ह तर पहिल्या निवडणुकीपासूनच आहे. वाचू न शकणाऱ्या आजोबांसाठी केलेली सोय आज माझ्या भावाला उपयोगी पडते आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. नव्या अर्जांची मुदत 19 ऑक्टोबरला संपली. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी ती संपते, म्हणून घोषणेची वाट बघत बसू नका.

घरात एका गोष्टीवरून वाद झाला, तो लिहायलाच हवा. काका म्हणाले, "तुम्ही सांगाल तिथेच तो बटण दाबणार. म्हणजे तुमच्या घराला एक मत जास्त." आक्षेप गंभीर होता, मी तो झटकला नाही. आम्ही असं ठरवलं की त्याच्यासमोर कुणीही "यालाच दे" म्हणायचं नाही. आलेली सगळी पत्रकं त्याच्या टेबलावर ठेवायची. प्रचाराची गाडी आली की तो गच्चीतून ऐकतो, ते ऐकू द्यायचं. तो विचारायचा, "हा काय करणार?" मी पत्रकात लिहिलेलं वाचून दाखवायचे, आपलं मत न घालता. त्याची एक पक्की मागणी होती. कार्यशाळेच्या रस्त्यावरची गटार उघडी आहे आणि त्याचा मित्र तिथे पडला होता. घरी मत मागायला आलेल्या प्रत्येकाला त्याने गटारीचं विचारलं. काहींनी उत्तर आईकडे बघून दिलं. एकाने त्याच्याकडे बघून दिलं. काका त्या दिवशी घरी होते. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर नमुना 12डी भरून घरून मतदान करता येतं. बीएलओ बाई तो अर्जही घेऊन आल्या. मिलिंद म्हणाला, "शाळेत जाणार." ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी मात्र घरच्या मतदानाचा जरूर विचार करावा. अधिसूचनेपासून पाचच दिवस मुदत असते.

20 नोव्हेंबरला आम्ही सकाळी सातलाच गेलो, गर्दी वाढायच्या आत. मोबाइल घरी ठेवले. दारावरच्या स्वयंसेवकाने आम्हाला पुढे घेतलं. पहिल्या अधिकाऱ्याने नाव पुकारलं, मिलिंदने "हजर" म्हटलं. तेवढ्यात एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने विचारलं, "यांना समजतं का, साहेब?" मतदान प्रतिनिधीला हरकत घेता येते, दोन रुपये भरून, पण ती माणूस तोच आहे का एवढ्यापुरती. समज किती यावर हरकतीची तरतूद नाही. हे मला पाठ होतं. सांगावं लागलं नाही. केंद्राध्यक्ष म्हणाले, "यादीत नाव आहे, ओळखपत्र आहे," आणि हाताने पुढे जा अशी खूण केली.

दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई लागली. रजिस्टरवर सही, इथेही त्याने पूर्ण वेळ घेतला. केंद्राध्यक्षांनी त्याला विचारलं, सोबत कुणी हवं का? सोबत्याचा नियम 49-एन आहे. तो अंध मतदारांसाठी आणि शारीरिक दुर्बलतेमुळे स्वतः बटण दाबू न शकणाऱ्यांसाठी आहे. सोबती किमान 18 वर्षांचा असावा लागतो, एका दिवसात एकाचाच सोबती होता येतं आणि मत गुप्त ठेवण्याचं लेखी द्यावं लागतं. बौद्धिक अक्षमता त्या शब्दांत सरळ बसत नाही, म्हणून सोबत मिळेलच असं गृहीत धरू नका आणि एकट्याने करण्याचा सराव करून जा. मिलिंदने मान हलवली आणि एकटा पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला.

मला त्याचे फक्त बूट दिसत होते. बराच वेळ आवाज आला नाही. मागच्या रांगेतली एक बाई पुढे वाकून बघायला लागली. कुणी त्याला घाई करू नये, एवढंच मला वाटत होतं, आणि कुणी केली नाही. मग तो लांब आवाज आला. तरीही तो लगेच बाहेर आला नाही. चिठ्ठी खाली पडेपर्यंत तो काचेकडे बघत होता, शिकवलं होतं तसं. आईने बाहेर आल्यावर विचारलं, "कुणाला दिलंस?" तो म्हणाला, "सांगायचं नसतं."

त्यानंतर कार्यशाळेतल्या पालकांचे फोन यायला लागले. डिसेंबरमध्ये एका रविवारी सगळे जमलो आणि अर्ज भरले. वर्षातून चार पात्रता तारखा असतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, आणि 17 पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, हे बहुतेकांना नवीन होतं. एका आईला भीती होती की नाव लागलं तर मुलीची अपंगत्वाची पेन्शन बंद होईल. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हे वकीलबाईंनी तिला स्वतः फोनवर सांगितलं. एका घरात वडिलांनी अर्ज करायला नकार दिला आणि त्यांच्या मुलाने मिलिंदच्या शेजारी बसून नुसता फोटो चिकटवायला मदत केली. त्या वडिलांशी आम्ही अजून बोलतो आहोत.

भरलेल्या अर्जांपैकी बरेच मान्य झाले. एका मुलीचा अर्ज मात्र "समज नाही" असा शेरा मारून फेटाळला गेला, दुसऱ्या तालुक्यात. या वेळी आदेश लेखी मागून घेतला, कलम 16 ची आणि मिलिंदच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडून पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील दाखल केलं. मिलिंदला विचारूनच त्याची प्रत लावली आहे. सुनावणीची तारीख अजून यायची आहे. ती आली की तोही येणार म्हणतोय.